दोन दुपटी

बटण पाळण्यापाशी आला, नाक वर करून त्यानं हुंगलं आणि निमूटपणे पुन्हा दाराशी जाऊन बसला.

"आजही नाहीच," शिंप्याची बायको म्हणाली. मांडीवरच्या मुलीला तिनं दुपट्यात गुंडाळलं. "अहो, हा रुसलाय का?"

"कुत्री रुसत नाहीत," मशीनवरून मान न उचलता शिंपी म्हणाला. "माझं ऐक. रविवारी तुझा भाऊ येतोय, त्याच्याकडे देऊन टाकू. घरात तान्हं लेकरू आहे, उगाच विषाची परीक्षा कशाला?"

बटण म्हणजे शिवणयंत्राखाली पाय पसरून मावणारा कुत्रा. कधीकाळी चिंध्यांच्या ढिगात येऊन झोपलेला, तो तिथलाच झाला. शिंप्याचा तर जीव की प्राण. ताटातला पहिला घास त्याचा. त्याला कुणी नुसतं हाड म्हटलं तरी शिंप्याचं डोकं फिरायचं. आणि आता त्याच शिंप्याला तो नजरेसमोर नको होता. बाप झाला की माणूस भित्रा होतो, असं म्हणून बायको सोडून देई.

तयारीत काही कसूर ठेवली नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाळ घरी यायच्या आधी बाळाचा वास घरी आणा. शिंप्यानं एकाच तलम कापडातून दोन दुपटी शिवली होती. मुलगी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावरचं दुपटं त्यानं इस्पितळातून आणलं आणि बटणाच्या गोधडीवर पसरलं. बटणानं ते कोपरा न् कोपरा हुंगलं, त्यावर अंग टाकलं आणि त्या दुपट्याचा राखणदारच होऊन बसला. निम्मं काम झालं म्हणून शिंपी शेजारीपाजारी सांगत सुटला.

मग बायकोला ताप भरला. मुलीला एक संध्याकाळ काय ती छातीशी धरलं असेल, तेवढीच. पुढे कितीतरी दिवस तिला धड शुद्ध नव्हती. शिंप्याची थोरली बहीण त्याच इस्पितळात नर्स होती. आत बाळांच्या खोलीत ती, बाहेरच्या बाकावर हा. महिना उलटून गेल्यावर तिघं एकदाची घरी आली.

गाडी थांबली तेव्हा बटण आनंदानं वेडापिसा झाला होता. बायकोनं वाकून मुलगी त्याच्यापुढे धरली. त्यानं हुंगलं. शेपूट हलायचं थांबलं. त्यांना वळसा घालून तो गाडीपाशी गेला आणि आत डोकावला. गाडी निघून गेली तरी रस्त्याकडे बघत बसला.

"अजून कुणी उतरायचं राहिलंय का रे?" बायको हसत म्हणाली होती. शिंपी पिशव्या उचलून आधीच आत गेला होता.

ती हार मानणारी नव्हती. बटणाचं खाणं ती पाळण्याशेजारी ठेवी. मुलीला पाजताना दुसऱ्या हातानं त्याला कुरवाळी. बटण कधी गुरगुरला नाही. पोरीनं कान मुठीत धरला तरी गप्प उभा राही. पाहुण्यांच्या मुलाशी वागावं तसा तो तिच्याशी वागे. मग जुन्या दुपट्यावर थोडा वेळ लोळे आणि पुन्हा दाराशी जाई.

एकदा शिंपी म्हणाला, "मळलंय ते, धुवायला टाकतो," आणि त्यानं दुपटं ओढलं. बटणानं जन्मात पहिल्यांदा त्याला दात दाखवले.

"बघितलंस? उद्या पोरीला फाडेल!"

"सरका," बायको म्हणाली. तिनं हात लावला तर बटण मुकाट्यानं बाजूला झाला. तिनं दुपटं झटकलं, क्षणभर नाकाशी धरलं आणि जागच्या जागी नीट पसरून ठेवलं.

शनिवारी नणंद आली. बायको मुलीच्या टाळूवर तेल घालत होती.

"वन्सं, जन्मली तेव्हा हिला केवढं जावळ होतं, नाही?"

"गळतं गं जावळ. महिन्याभरात पोरं ओळखूसुद्धा येत नाहीत." नणंदेनं मुलीचा पाय हातात घेतला. "पण नशीब काढलंन हो हिनं. आमच्याकडे काही बाळांना न्यायलाही कुणी येत नाही."

शिंप्याची कात्री तिरकी गेली. गिऱ्हाइकाची चांगली बाही वाया गेली.

"आणि त्या कुत्र्याला उद्या पाठवताय ना?" नणंद त्याच्याकडे बघून म्हणाली. "बरं करताय."

रविवारी दुपारी शिंपी बाजारातून नवा पट्टा घेऊन आला. पट्टा त्यानं चांगला मऊ बघून घेतला होता. वाटेत दोनदा डोळे पुसले होते. मेहुणा येईलच एवढ्यात, त्याआधी बटणाला बांधून ठेवावं, म्हणून तो घाईनं घरात शिरला.

बटण दाराशी नव्हता. पाळण्याखाली चारी पाय ताणून घोरत होता. पाळण्यात मुलगी झोपली होती. तिच्याभोवती दुपटं होतं, ते बटणाचं, न धुतलेलं.

"अगं, हे काय? ते मळकं दुपटं लेकराच्या अंगाला?"

"हळू बोला, उठेल ती." बायकोनं त्याच्या हातातला पट्टा काढून घेतला आणि बाजूला ठेवला. "भावाला फोन करून सांगितलंय, येऊ नकोस म्हणून. बटण कुठंही जायचा नाही."

"एक दिवस झोपला म्हणजे—"

"मलाही वेळ लागलाच की." तिच्या आवाजात राग नव्हता. ती पाळण्याची दोरी हलवत राहिली. "ही आता माझीच आहे. हिला मी जगात कुणाला देणार नाही, तुम्ही घाबरू नका."

शिंपी पाळण्यापाशी खाली बसला.

"बटणाला विचारता येत नाही, म्हणून मी विचारते," ती म्हणाली. "आपल्या मुलीला कुठं पुरलंत?"