गुळवेलीची चव

देण्याआधी वैदूने काढा स्वतः चाखायचा, ही पाड्याची रीत. धावजीला गुळवेल कडू लागलीच नाही. "म्हातारपणी जीभ मेली माझी," तो पुटपुटला.

वेल तपासायला आलेल्या संशोधक बाईंनी मान हलवली. "फवारणीने रानातले सगळे किडे संपवले, बाबा. कुरतडणारं कुणी उरलं नाही, म्हणून वेलीने कडू द्रव्यं बनवणं सोडलं. तो कडूपणाच तर औषध होता."

"छे! दोष जिभेचाच."

गोळ्यांना न जुमानणाऱ्या तापाने नात ठमी तीन आठवडे फणफणत होती. दोन वर्षांपूर्वी हाच काढा तिने भिंतीवर थुंकला होता. आज तिने वाटी घटाघटा रिकामी केली.

"आजा, अजून दे ना."

"तोंड वाकडं कर गं, पोरी," धावजी विनवू लागला. "एकदा तरी कर."