पहिल्या रांगेतले साहेब

पहिला अंक संपला तेव्हा अख्खं थिएटर चोरासाठी टाळ्या वाजवत होतं, आणि त्या चोराला खरोखर पकडणारा माणूस पहिल्या रांगेत बसून त्या ऐकत होता.

त्याच्या शेजारी त्याची मुलगी होती. तिचे हात मांडीवरून हलले नाहीत.

तिसऱ्या रांगेत तिच्या शाळेच्या अकरा शिक्षिका बसल्या होत्या, मुख्याध्यापिकांसकट. तिकिटं तिनेच काढली होती. "बाबांच्या केसवर नाटक आलंय," असं तिने महिनाभर स्टाफरूममध्ये ऐकवलं होतं, आणि का ऐकवू नये? अठ्ठावीस वर्षांपूर्वी शहरातल्या बड्या जवाहिऱ्याची तिजोरी रिकामी झाली, साधा ओरखडाही न पडता. सगळं शहर तोंडात बोटं घालून बसलं. तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेबांनी चोर हजर केला. बाजाराच्या कोपऱ्यावर किल्ल्या बनवून देणारा कुलूपवाला. साहेबांना पदक मिळालं, बढती मिळाली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. पदक छातीवर लावून घरी आलेले बाबा तिला दाराच्या चौकटीपेक्षा उंच वाटले होते. पुढे आयुष्यात ती कुठेही गेली तरी मान ताठ ठेवून गेली.

रंगमंचावरचा कुलूपवाला मात्र भलताच लाघवी निघाला. म्हातारीचं अडकलेलं कुलूप फुकट उघडून द्यायचा, हवालदाराची फिरकी घ्यायचा. बाया पदराआड हसत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती. इन्स्पेक्टर म्हणजे मिशीला पीळ देणारा राक्षस. तो आला की मागच्या रांगांतून हुर्यो उठायची.

मध्यंतरात तिने दिग्दर्शकाला बाहेरच्या जिन्यापाशी गाठलं. हा दाढीवाला वर्षभर दर गुरुवारी घरी यायचा. बाबांच्या खोलीचं दार लावून दोघं तासन्‌तास बसायचे. बाबा जुन्या आठवणी सांगतायत, या कौतुकाने तिने त्याला शंभरेक कप चहा करून दिला असेल.

"त्यांनी तुला विश्वासाने सगळं सांगितलं," ती आवाज न चढवता म्हणाली. "आणि तू त्यांचंच सोंग केलंस. खाल्ल्या घरचे वासे मोजतोस?"

दाढीवाल्याने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. तिथे बाबा उभे होते.

"ताई, दुसरा अंक बघून घ्या," एवढंच तो बोलला आणि आत गेला.

"बाबा, घरी जाऊ या."

"तिकीट पूर्ण नाटकाचं आहे, पोरी."

"तुम्हाला काहीच वाटत नाही? लोक चोराला डोक्यावर घेतायत."

"घेऊ देत. चोर घाबरत घाबरत धाडस करतो, म्हणून तो आपला वाटतो."

"आणि खलनायक?"

बाबांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"तोही घाबरलेलाच असतो. कुणाला दिसू देत नाही, इतकंच. चल, घंटा झाली."

दुसऱ्या अंकात तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. नाटकातल्या इन्स्पेक्टरला दुसऱ्याच दिवशी कळतं की तिजोरी जवाहिऱ्याच्या मुलानेच साफ केली. पण जवाहिऱ्याचे हात वरपर्यंत पोचलेले, आणि बढतीची यादी निघायला आठवडा उरलेला. मग तो कुलूपवाल्याला कोठडीत घालून कबुलीवर सही घेतो. कशी घेतो तेही दाखवलं होतं. मागून कुणीतरी "थू" म्हणालं.

ती उठायला निघाली. बाबांनी तिचं मनगट धरलं. त्यांची बोटं गार होती.

"धडधडीत खोटं आहे हे," ती पुटपुटली.

"बस," ते म्हणाले. "शेवट चांगला आहे."

शेवटी कुलूपवाला तुरुंगाच्या भिंतीवर चढतो, प्रेक्षकांकडे बघून डोळा मिचकावतो आणि पलीकडे उडी टाकतो. थिएटर दणाणून गेलं. सगळ्यात आधी उभं राहून टाळ्या वाजवल्या त्या बाबांनी. शहात्तर वर्षांचा माणूस, पाठ अजून सरळ, तळवे लाल होईपर्यंत वाजवत होता.

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा राग विरघळत गेला. आपल्या नावाची अशी माती झालेली पाहून, त्याच लोकांत उभं राहून कौतुक करायचं, याला केवढी छाती लागते. कुठून आणतात हे बळ? कुणी काहीही लिहो, हा माणूस आपला बाप आहे. ती उठली आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून टाळ्या वाजवू लागली.

मुख्याध्यापिका पुढे येऊन तिच्या कानाशी म्हणाल्या, "नशीबवान आहेस. असं मोठं मन बघायला मिळत नाही."

"मला लहानपणापासून माहीत आहे," ती म्हणाली.

नट ओळीने उभे राहिले. खलनायकाच्या वाट्याला फार टाळ्या आल्या नाहीत. मग दाढीवाल्याने माइक घेतला.

"हे नाटक मी फक्त बसवलं. लिहिलंय दुसऱ्या कुणी, आणि त्यांचं हे पहिलंच नाटक. पहिल्या प्रयोगापर्यंत नाव सांगायचं नाही, अशी त्यांची अट होती. आज ते स्वतः बोलतील."

तो रंगमंचाच्या पायऱ्या उतरून खाली आला आणि पहिल्या रांगेपाशी येऊन त्याने हात पुढे केला. बाबांनी तो हात धरला नाही. एकटेच पायऱ्या चढले. माइकसमोर उभे राहिले. त्यांनी फक्त आपल्या मुलीकडे पाहिलं.

"यात मी पदरची एकच गोष्ट घातली आहे," ते म्हणाले. "शेवटची उडी. तो तुरुंगातून जिवंत बाहेर आला नाही."