हुमेरा सिस्टरचा जाच

हुमेरा सिस्टरने त्या दुपारीही सायमनला वॉर्डातून हुसकलं, तेव्हा त्याचं डोकंच फिरलं. त्याचा बाप शमुवेल कॅन्सरने हातचा चालला होता. उरलेले दिवस त्याच्या उशाशी बसावं, एवढंच सायमनला हवं होतं, आणि ही बाई जेमतेम दोन गोष्टी झाल्या की टाळ्या वाजवून उठवायची.

"ओ सिस्टर, बाप माझा हाय का तुमचा?"

"तुमचाच आहे. उठा."

"दुखतंय का त्याला काही? हसतोय की माझ्यासंगं! कांद्याचं इचारतोय, शेळी व्याली का म्हनतोय. तुमालाच बघवत न्हाई!"

"काय बोलायचं ते बाहेर बसून बोला," असं म्हणून तिने त्याच्या तोंडावर पडदा ओढला. बापाने उशीवरूनच हसून हात केला, तेवढा त्याला दिसला.

सायमन जिन्यापर्यंत गेला. श्रीरामपुरात दुसरे दवाखाने काय कमी आहेत? बापाला आजच्या आज इथून हलवायचं, आणि त्याआधी या दगडाच्या काळजाच्या बाईला चार माणसांदेखत सुनावायचं, असं ठरवून तो तरातरा माघारी फिरला. पडद्याला हात घालणार, तोच आतून बापाचा आवाज आला.

"गेला का गं पोरगा?"

"गेला, बाबा."



"मग आता कण्हू का?"