बोरीच्या पाल्याचं पाणी

"त्यांना आंघोळ घालू नका, बाबा," रियातुन म्हणाली. "शहिदाला धूत नाहीत. तुम्हाला का मी हे सांगायचं?"

खरं होतं. तुकिरान गावचा मोदिन. अख्ख्या जावात कुठेही जा, कोणी गेलं की लोक आधी मोदिनाचं दार ठोठावतात. आंघोळ, कफन, नमाज, कबर, सगळं त्याच्या हातून. शहिदाला रक्तासकट पुरतात, त्याला आंघोळ नाही की जनाज्याचा नमाज नाही, हे त्यानेच मशिदीत पोरांना शिकवलं होतं. त्या पोरांत त्याचा लेक फतोनीही असायचा. मांडी घालून, अगदी पुढे.

आता फतोनी परसात केळीच्या खांबांवर आडवा होता. भोवती चादरींचा आडोसा.

काल संध्याकाळी, नाताळच्या प्रार्थनेच्या वेळी, तो सुरा घेऊन तालुक्याच्या चर्चमध्ये घुसायला गेला. फाटकावर पहाऱ्याला मशिदीतलीच पोरं होती, दरवर्षी असतात. गावातल्या गुफ्रोनने त्याला ओळखलं, हसत पुढे झाला आणि त्याचा हात धरला म्हणे. सुरा गुफ्रोनलाच लागला. मग पोलिसांची गोळी. पहाटे दोघंही एकाच गाडीतून गावात आले.

सकाळी गुफ्रोनला तुकिराननेच आंघोळ घातली. दुसरं कोण घालणार? गुफ्रोनच्या बापाने, वागिमिनने, त्याला दारात बघितलं. नुसता बाजूला सरला. तिथे पाणी ओतायला माणसांची रीघ लागली होती. इथे तो, सून रियातुन आणि पाण्याचं पिंप.

तुकिरानला रडू येत नव्हतं. रागही येत नव्हता. आतून काही म्हणून काही होत नव्हतं. हात तेवढे आपलं काम करत होते. त्याने बोरीचा पाला चुरला, पाण्यात सोडला, कापूर फोडला.

"त्यांच्या मित्रांचे फोन येतायत," रियातुन म्हणाली. "जन्नतीत पोचले म्हणतात. माझं अभिनंदन करतायत. आणि तुम्ही त्यांना चारचौघांच्या मढ्यासारखं धुणार?"

"अभिनंदन!" तुकिरान म्हणाला. "खांदा द्यायला येतोय का त्यातला एक तरी?"

तिने हातातला फोन पालथा ठेवला.

"इकडे बघ, पोरी. शहिदाला धूत नाहीत, कारण त्याचं धुण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्याचा नमाज नसतो, कारण त्याच्यासाठी माफी मागावी लागत नाही. तू याला शहीद म्हणालीस की माझं तोंड बंद. मग याच्यासाठी माफी कोण मागणार? तुझे ते फोनवाले?"

"माफी कशाला? त्यांनी धर्मासाठी केलं."

"धर्मासाठी काय केलं, ते मी सकाळी गुफ्रोनच्या अंगावर बघितलंय. याच हातांनी धुतलंय."

रियातुनने तोंड फिरवलं. तुकिरानने पोराचं डोकं डाव्या हातावर तोललं आणि उजव्याने तांब्या घ्यायला गेला. हात पोचेना. डोकं खाली ठेवून तांब्या भरला, तर डोकं धरायला हात उरेना. परत तेच. हे एकट्याचं काम नव्हे, इतक्या वर्षांत त्याला ते कधी जाणवलं नव्हतं, कारण पाणी ओतायला नेहमी कोणी ना कोणी असायचंच. तो तसाच बसून राहिला, पोराचं डोकं हातात घेऊन.

रियातुनने तांब्या उचलला.

"आधी उजवी बाजू," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. पाणी शिवलेल्या छातीवरून खाली आलं, लाल झालं, आणि तेव्हा कुठे तिला हुंदका फुटला. तुकिरानला तिचा हेवा वाटला.

नमाज अंगणातच झाला. त्याच्या मागे तीनच माणसं: त्याचा भाऊ आणि कबर खणणारे दोघं. गाव कुंपणाबाहेर उभं होतं. कोणी शिव्या देत नव्हतं, कोणी आतही येत नव्हतं.

नमाज झाला की मोदिन लोकांकडे वळून विचारतो, हा माणूस कसा होता? आणि सगळे एका सुरात म्हणतात, चांगला होता. कंजूष, भांडकुदळ, बायकोला छळणारे, त्या दिवसापुरते सगळे चांगले असतात. गुफ्रोनच्या वेळी तर त्याचं विचारून होण्याआधीच गाव ओरडलं होतं.

तुकिरान वळला. ते त्याने विचारलं नाही. त्याच्या पुढचं वाक्य म्हणाला, तेही दरवेळचंच.

"याने कुणाचं काही वाईट केलं असेल, तर याला माफ करा."

यावर लोक 'केलं, केलं' म्हणतात. आज कोणी काही म्हणालं नाही. मग कुंपणाशी गर्दी थोडी हलली आणि वागिमिन पुढे आला. सकाळचीच टोपी, पायांना लेकाच्या कबरीची माती तशीच. त्याने खाटेकडे बघितलं, मग तुकिरानकडे.

"आज नको विचारूस, मोदिन," तो म्हणाला.

तुकिरानने मान हलवली.

"बरं. उद्या येतो," तो म्हणाला आणि खाटेचा चौथा कोपरा त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतला.