मोटारीची किल्ली

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका गावाने अँब्रोजला पहिला काळा पोलीस म्हणून नेमलं, पण गोऱ्यांना अटक करायला त्याला मनाई होती. आठव्याच दिवशी एका झिंगलेल्या गोऱ्याने काळ्यांच्या वस्तीत मोटार घुसवून ओडेसामावशीची पीचची हातगाडी उलथवली. मावशी बचावली. अँब्रोज धावत आला, तशी सारी वस्ती जमली. आता हा करणार तरी काय? “नुसता बिल्लाच दिलाय का रे तुला?” मावशीने विचारलं. “हात लावून दाखव!” गोरा हसला. अँब्रोजने हात लावलाच नाही. खिडकीतून वाकून मोटारीची किल्ली काढली, खिशात टाकली आणि “चौकीत मिळेल, साहेब,” म्हणत तो चालू लागला. दीड मैल गोरा शिव्या घालत मागोमाग आला, त्याच्यामागे अख्खी वस्ती. “याला पकडलंस?” फौजदार गरजला. “छे, स्वतःच्या पायांनी आलेत.” फौजदाराने खिडकीबाहेरची गर्दी पाहिली आणि मावशीची तक्रार लिहायला वही उघडली.