मागच्या रांगेतली बाई

हॅलोविनच्या दुपारी अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या घरात लेनोरा आणि तिचा भाऊ डेस्मंड जुना रहस्यपट लावून बसले होते. दर ऑक्टोबरला आई तो दोघांना हटकून दाखवायची. ती जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. हॅलोविनच्या रिवाजाप्रमाणे दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागणारी पोरं यायला अजून अवकाश होता.

नाटकगृहाचा प्रसंग आला. आता खून होणार हे पाठ असूनही लेनोरानं उशी पोटाशी धरली.

"भित्री कुठली!" डेस्मंड हसला आणि मध्येच थांबला. "लेनी, मागच्या रांगेत बघ."

प्रेक्षकांत आई बसली होती. शेवटी दवाखान्यात अंगावर होता तोच स्वेटर, तशीच कललेली मान.

"तिच्यासारखी कुणीतरी असेल रे," लेनोरा म्हणाली आणि तिनं सिनेमा जरा मागं नेऊन पुन्हा लावला.

या खेपेला सगळे रंगमंचाकडे बघत होते, आई मात्र सरळ या दोघांच्या सोफ्याकडे. तिनं शेजारच्या खुर्चीवरचा कोट उचलून मांडीवर घेतला आणि रिकामी जागा हातानं थोपटली.

लेनोरानं भावाचा हात धरायला हात पुढं केला. तो केव्हाच उठून उभा राहिला होता.

"आलो गं, आई," तो शांतपणे म्हणाला.