आवाज कुठून येतो

पाहुण्या फुटबॉल संघाचा काळा विंगर गवतावर कोसळला होता आणि ओत्तोरीनो खुर्चीवर उभे राहून हसत होते. ओत्तोरीनोंच्या संघाच्या बचावपटूने त्याला मागून, थेट घोट्यावर लाथ घातली होती. चेंडू केव्हाच पुढे गेला होता. “नाटकं करतोय लेकाचा,” ते म्हणाले. मग त्यांनी दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले आणि तो आवाज काढला. माकडाचा. खोल, पोटातून आलेला. मागच्या रांगांनी तो उचलला आणि मैदानाच्या त्या बाजूचा सगळा स्टँड घुमू लागला.

शेजारी त्यांची मुलगी फियोरेन्झा बसली होती. वाचनालयात नोकरी करणारी, चाळिशी ओलांडलेली. असा आवाज सुरू झाला की ती थर्मासचं झाकण उघडायला घ्यायची. वडिलांशी तिने यावरून कधी वाद घातला नव्हता. रागापेक्षा तिला नवलच जास्त वाटायचं. हाच माणूस जन्मभर पाव भाजत आला होता आणि उरलेला पाव वरच्या मजल्यावरच्या सेनेगाली कुटुंबाच्या दाराला पिशवीत अडकवून यायचा, बेलसुद्धा न वाजवता. हाच माणूस आपल्या संघाच्या कर्णधारावर, बूबावर, जीव टाकायचा. बूबा मालीचा होता, आज खाली पडलेल्या त्या पोरापेक्षाही काळा. पण त्याला कुणी नुसता खांदा लावला तरी ओत्तोरीनो पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

त्या दिवशी घरी परतताना धुक्यात तिने सहज विचारावं तसं विचारलं, की हे ऐकून बूबाला काय वाटत असेल. वडील चालता चालता थांबले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

“त्याला कशाला काही वाटेल? तो आपला आहे.”

मग ते रात्रीच्या मक्याच्या पोलेन्टाबरोबर कुठलं चीज खायचं याबद्दल बोलू लागले. दोनच दिवसांनी, बाजारात भाजीच्या गाडीसमोर उभे असताना ते खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

स्टँडमधला जुना माणूस गेला की त्याच्या रिकाम्या खुर्चीला संघाचा मफलर बांधायचा आणि पुढच्या घरच्या सामन्याआधी कर्णधाराने तिथे फुलं आणून ठेवायची, ही इटलीतल्या त्या गावाची रीत. मफलर ग्वाल्तिएरो आणि नेरेओने बांधला. ओत्तोरीनोंच्या पाठीमागच्याच रांगेत बसून म्हातारे झालेले हे दोन मित्र. फियोरेन्झा नेहमीच्या जागी बसली, म्हणजे मफलरच्या शेजारी.

बूबा पिवळी शेवंती घेऊन आला. कठडा ओलांडून तिसऱ्या रांगेपर्यंत वर चढला, तिच्याशी हात मिळवला, दोन शब्द बोलला. ग्वाल्तिएरोने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. “पोटच्या पोरासारखा जीव होता रे त्याचा तुझ्यावर,” तो म्हणाला. नेरेओने सांगितलं की बेकरीत कुमारी मारियेच्या तसबिरीला लागूनच बूबाचा फोटो होता, आणि त्या दोघांत जास्त प्रार्थना कुणाची व्हायची ते विचारू नकोस. आजूबाजूचे हसले. बूबाही हसला.

पण त्याने फुलं ठेवली नाहीत. तो वळून मैदानाकडे बघू लागला. कॉर्नरच्या झेंड्याकडे, मग रांगांकडे, मग त्या खुर्चीकडे. नुसता पत्ता ठाऊक असलेलं घर शोधावं तसा.

“कॉर्नर असला की मी तिथे उभा असतो,” तो म्हणाला. “आवाज दर वेळी इथूनच उठतो. आधी एक जण काढतो, मग बाकीचे. कोण आहे तो?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होतं. फियोरेन्झाने तो सूर ओळखला. तिलाही इतकी वर्षं तसंच नवल वाटत आलं होतं.

ग्वाल्तिएरो लगबगीने म्हणाला की बाहेरची पोरं घुसतात कुठून तरी, त्यांना ना धरबंध ना लाज. नेरेओच्या मते आवाज समोरच्या स्टँडमधूनच यायचा, वाऱ्यामुळे इथला वाटायचा. मग दोघांना एकदमच सुचलं, की कुणीही काढत असो, तो काही बूबासाठी नसतो. बूबा तर आपला.

“मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा इथे पाहुण्यांकडून खेळत होतो,” बूबा म्हणाला.

नेरेओने टोपी काढून पुन्हा घातली. ध्वनिक्षेपकावरून ओत्तोरीनोंचं नाव पुकारलं गेलं आणि सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. थेट पलीकडच्या टोकापर्यंत, पाहुण्यांचे चारदोन पाठीराखे बसले होते तिथपर्यंत. शेवंती अजून बूबाच्या हातातच होती. दोघे म्हातारे टाळ्या वाजवता वाजवता फियोरेन्झाकडे बघत होते. काय मागताहेत ते तिला स्वच्छ कळत होतं. गप्प राहा, एवढंच. तेवढं केलं असतं तर फुलं खुर्चीवर पडली असती आणि तिचा बाप मानाने गेला असता. गप्प राहणं तिला जमत आलेलं होतं.

तिने वाट पाहिली. टाळ्या ओसरल्या. लोक खाली बसू लागले. ती उभीच राहिली.

“माझे बाबा,” फियोरेन्झा म्हणाली. “तो आवाज माझ्या बाबांचा. तुम्ही पाहुण्यांकडून आला होतात, तेव्हाचाही.”